दोन पंचांचा निवाडा

जिनगराला सगळी गल्ली मामा म्हणायची. बहीण आणि मेहुणा एकाच साथीत गेले तेव्हा त्यांची पोर जेमतेम पावलं टाकायला लागली होती. ती याच्या घरी आली आणि दुकानाच्या उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "मामा आत आहे, मामा जेवतोय, मामाला खोकला झालाय" अशा बातम्या द्यायला लागली. तिचं ऐकून ऐकून गिऱ्हाइकांच्याही तोंडी तेच नाव बसलं. मामीला स्वतःचं मूल झालं नाही, आणि ही पोर आल्यावर त्याची खंत करायला सवडही मिळाली नाही. पोर सकाळी डोळे उघडायची ती बोलतच, आणि झोप लागली तरी एखादं वाक्य अर्धं राहिलेलं असायचं.

जिनगर घोड्यांची खोगिरं शिवायचा, लगाम आणि घोड्याच्या पोटाखालून आवळायचे तंग दुरुस्त करायचा. अंगानं आडवा, आवाजानं मऊ. भांडण त्याला सोसायचं नाही. शेजारच्या घरात भांडी आपटली तरी याच्या हातातली आरी थांबायची. म्हणूनच असेल, गल्लीत कुणा नवरा-बायकोचं बिनसलं की बायकोच्या बाजूचा पंच म्हणून लोक त्याला बोलवायला यायचे.

पवित्र ग्रंथातच तसं सांगितलं आहे. नवरा-बायकोत फूट पडेल असं वाटलं तर एक पंच त्याच्या माणसांतला नेमावा, एक तिच्या माणसांतला. समेटाची इच्छा असेल तर अल्लाह तो घडवून आणील. एवढीच आयत. पण समेट नाहीच झाला तर पंचांनी पुढं काय करायचं, ते तिथं लिहिलेलं नाही, आणि विद्वानांचा सगळा वाद त्या न लिहिलेल्या जागेवरच चालायचा.

शहरातल्या मोठ्या मशिदीत एका खांबाला टेकून उस्ताद बसायचे आणि लोकांना ग्रंथाचा अर्थ सांगायचे. जिनगर आणि ते लहानपणी एकाच चटईवर बसून अक्षरं गिरवायला शिकले होते. पुढं एकाच्या हातात चामडं आलं आणि दुसऱ्याच्या हातात पोथ्या. जिनगर त्यांना आता अहो-जाहो करायचा, ते मात्र त्याला अरे-तुरेच करायचे, आणि दोघांनाही ते बरं वाटायचं. उस्ताद त्या आयतीवर बोलायला लागले की शेवटच्या रांगेतल्यालाही कळेल असं बोलायचे. पंच म्हणजे निरोप्या नव्हे, ते सांगायचे. ग्रंथानं त्याला पंच म्हटलं आहे, मुखत्यार म्हटलेलं नाही. ज्याला पंच म्हटलं त्याच्याकडं निवाड्याचा अधिकार आपसूक आला. तेव्हा दोन्ही पंचांचं एकमत झालं तर ते घर जोडू शकतात, तसं मोडूही शकतात. नवरा हो म्हणो की नाही म्हणो.

या शब्दांवर विसंबून जिनगरानं बरीच वर्षं पंचगिरी केली. बहुतेक घरं त्यानं जुळवून दिली. थोडी होती जी जुळण्यातली नव्हती, ती दुसऱ्या पंचाच्या संमतीनं मोडली, आणि काझीनं त्यावर शिक्का उठवला. त्यातली एक विणकरीण पुढं रस्त्यात भेटली की न बोलता त्याचा हात कपाळाला लावायची. तो लाजून चूर व्हायचा, पण घरी आल्यावर मामीला सांगायचा खरा.

भाची वयात आली तशी तिला मापाऱ्याच्या घरी दिली. मापारी बाजारात धान्य मोजायचा. त्याच्या मापात पाप नव्हतं, हे त्याचे दुश्मनही कबूल करत. माणूस नेकीचा, शब्दाचा पक्का, नमाज न चुकवणारा. जिनगरानं आणखी काय बघायचं होतं? पण मापाऱ्याला घरात आवाज चालत नसे. पहिल्या वर्षी तो बायकोला गप्प राहायला सांगायचा. दुसऱ्या वर्षी ती बोलली की धान्याच्या कोठीत कोंडायचा. मग हात उचलायला लागला. एकदा कानाखाली असा आवाज काढला की तिला डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं. माहेरी आली तर ती नुसती बसून राहायची. मामी काही विचारायची आणि पोर मान हलवायची. जिनगराला तो मार नंतर कळला; आधी ही मुकी मानच दिसली.

मापाऱ्याच्या अंगणात पंच बसले. तिच्या बाजूनं जिनगर, मापाऱ्याच्या बाजूनं त्याचा चुलता, तेलाचा घाणा चालवणारा एक म्हातारा. मापारी म्हणाला, बायको माझी आहे, मी तिला सोडणार नाही, आणि सोडावं असं तिनं केलंय तरी काय? तो आरडाओरडा करत नव्हता. चुलत्यानं भाचीला जवळ बोलावून काहीतरी विचारलं. ते ती वळवलेल्या मानेनं, उजवा कान पुढं करून ऐकत होती. मग म्हातारा जिनगराला म्हणाला, "ही पोर इथं राहिली तर जाईल. ते मला बघायचं नाही." दोघांचं एकमत झालं. मापाऱ्यानं सोडचिठ्ठीचा शब्द उच्चारला नाही, पण पंचांनी घर मोडलं आणि काझीनं ते मान्य केलं.

घर मोडल्यावर बाईनं पाळायची ठरलेली मुदत पाळून झाली, आणखी एक वर्ष गेलं, आणि भाचीला एका तांबटानं मागणी घातली. त्याची पहिली बायको वारली होती. दिवसभर तांब्यावर हातोडी चालवणारा माणूस, त्याला ओरडूनच बोलायची सवय; हिला एका कानानं ऐकू यायचं नाही. मामी म्हणाली, ही गाठ वरूनच मारलेली दिसते. लग्नानंतर कधीतरी जिनगर त्यांच्याकडं गेला तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत दोघांचा आवाज येत होता. भांडण आहे की काय म्हणून तो धास्तावला. जवळ जाऊन ऐकलं तर भाची वांग्याच्या भावाबद्दल बोलत होती, आणि तांबट तिला तितक्याच मोठ्यानं दुजोरा देत होता. जिनगर तिथंच भिंतीला हात टेकून उभा राहिला. पोरीला वाचा परत आली होती.

त्यानंतर सुभेदारी पालटली.

जुना सुभेदार गादीवर आला तो दोन पंचांच्या निवाड्यानं. तेव्हा गादीसाठी दोघे भांडत होते, शहर जळायच्या बेतात होतं, तर दोन्हीकडचे दोन म्हातारे बसले आणि त्यांनी एकाला गादी दिली. दुसऱ्यानं ते कधी मानलं नाही. तो निघून गेला, फौज जमवत राहिला, आणि एके दिवशी त्याचे घोडे शहरात शिरले. लढाई म्हणावी अशी झालीच नाही. पहिल्याच शुक्रवारी मशिदीत नव्या सुभेदाराचा जाहीरनामा वाचला गेला. माझी संमती नसताना दोन म्हाताऱ्यांनी माझी गादी दुसऱ्याला दिली, असा निवाडा हा निवाडाच नव्हे. पंचांना कुणाचा हक्क काढून घेण्याचा अधिकार नाही, आणि असतो असं जो म्हणेल तो बंडखोर.

जिनगरानं ते ऐकलं आणि घरी आला. राजे येतात, राजे जातात, घोड्याला खोगीर लागतंच, असं त्याला वाटलं. आणि खरंच, नव्या फौजेमुळं त्याच्याकडं इतकं काम आलं की हाताखाली दोन कारागीर ठेवावे लागले.

पण त्याच मशिदीत, दोन रांगा पुढं, मापारी बसला होता, आणि त्यानंही जाहीरनामा ऐकला होता. मापारी मुळीच बावळट नव्हता.

उस्तादांनी त्या साली वाचनात ती आयत आली तेव्हा नुसती वाचली आणि पुढच्या ओळीवर गेले. पुढच्या साली तिथं थांबले. म्हणाले, पंच हे दोन्ही पक्षांनी नेमलेले मुखत्यार असतात. जेवढं सोपवलं तेवढंच त्यांच्या हातात. ते समजूत घालू शकतात. घर मोडणं नवऱ्याच्या शब्दावाचून होत नाही. खाली बसलेल्यांपैकी कुणी मान वर केली नाही. जिनगर त्या दिवशी मशिदीत नव्हता. सुभेदाराच्या तबेल्यात तंगांची मापं घेत होता.

मापाऱ्यानं नव्या काझीपुढं अर्ज केला की माझी बायको दुसऱ्याच्या घरात आहे. काझीनं चुलत्याला बोलावलं. म्हातारा म्हणाला, आम्ही नुसता सल्ला दिला होता, निवाडा वगैरे काही नाही. काझीनं उस्तादांचं मत मागवलं. उस्तादांनी ते दिलं. पंचांनी मोडलेलं घर मोडलेलंच नव्हतं असा निकाल झाला. म्हणजे तांबटाशी लागलेलं लग्न लग्न नव्हे. मात्र ते दोघांनी अजाणता, शुद्ध मनानं केलं, म्हणून शिक्षा नाही. भाचीला तेव्हा सहावा महिना होता. मूल तांबटाचंच धरावं, बाळंतपण होईपर्यंत तिनं मामाकडं राहावं, तांबटानं तिला भेटू नये, आणि बाळंतपणानंतर तिनं आपल्या पहिल्या नवऱ्याच्या घरी जावं. जिनगरानं मोडलेल्या इतर घरांचे निवाडेही तसेच उलटले. विणकरणीचा नवरा मरून गेला होता, म्हणून ती सुटली.

जिनगर उस्तादांच्या घरी गेला. उस्ताद खिडकीपाशी बसले होते, पुढ्यात कागद पसरलेले. त्यांनी त्याला बघून कागद गोळा केले आणि बस म्हणाले. तो उभाच राहिला.

"उस्ताद, तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी त्या अंगणात पंच म्हणून बसलो."

"माहीत आहे."

"मग ते खोटं होतं का?"

"खोटं नव्हतं. आधीच्या मोठ्या लोकांची त्या आयतीवर दोन मतं आहेत. दोन्ही मतांची माणसं आपल्यापेक्षा नेक होती. तेव्हा मी एक मत धरलं, आता दुसरं धरलं. खोटं मी तेव्हाही बोललो नाही आणि आताही नाही."

"आता दुसरं का धरलं?"

शेजारच्या शहरात त्यांच्याबरोबर शिकलेले एक विद्वान होते, ते पहिल्याच मतावर अडून राहिले, असं उस्तादांनी सांगितलं. त्यांना गाढवावर उलटं बसवून बाजारातून फिरवलं. नंतर तुरुंगात घातलं. तिथून अजून काही कळलेलं नाही. हे सांगताना उस्तादांचा आवाज बदलला नाही. मग ते म्हणाले, "आता दुसरं का धरलं हे विचारतोस. तेव्हा पहिलं का धरलं होतं, हे कधी नाही विचारलंस."

जिनगराला काही कळेना.

"जुना सुभेदार पंचांच्या निवाड्यानं आला होता," उस्ताद म्हणाले. "पंचांना अधिकार असतो असं शिकवणारा माणूस त्याला हवा होता. मी तसं शिकवत होतो, मला मशिदीतला खांब मिळाला. माझ्याआधी तिथं एक म्हातारे बसायचे. ते तसं शिकवत नव्हते. ते कुठं गेले?"

जिनगराला ते म्हातारे आठवले. पांढरी दाढी, खर्जातला आवाज. एके शुक्रवारी ते दिसले नाहीत, त्यांच्या जागी आपला बालमित्र बसलेला दिसला, आणि त्याचा ऊर भरून आला होता. म्हाताऱ्यांचं काय झालं हे त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. आजतागायत त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"मग त्या आयतीचा खरा अर्थ काय?" त्यानं विचारलं.

"प्रत्येक मताच्या शेवटी मी लिहितो, खरं काय ते अल्लाह जाणे. लोकांना वाटतं ती रीत आहे."

जिनगर निघाला. उस्तादांनी त्याला थांबवलं नाही. तो रस्त्यानं चालत होता आणि त्याच्या डोक्यात भाचीचं नव्हे, विणकरणीचं येत होतं. तिनं कपाळाला लावलेला आपला हात येत होता. इतकी वर्षं त्याला वाटायचं की आपण ग्रंथातली दया लोकांच्या घरी पोचवतो. ती दया एका सुभेदाराच्या सोयीची होती, म्हणून चालली. आता दुसऱ्याच्या गैरसोयीची झाली, म्हणून थांबली. आपण मध्ये नुसते हमाल.

तांबटानं पळून जायचा बेत काढला. वेशीबाहेर एका व्यापाऱ्याचा तांडा होता, तो घ्यायला तयार होता. काझीनं जिनगराकडून हमी लिहून घेतली होती, पळाले तर त्याची चामडी सोलली गेली असती. तरी तो म्हणाला, माझा विचार करू नका, जा. भाचीनंच नाही म्हटलं.

"आज पोर बापाच्या नावाचं आहे," ती म्हणाली. "मी आता जाणूनबुजून पळाले तर ते कुणाचंच राहणार नाही."

मग वाट बघणं सुरू झालं. बाळंतपण जवळ आलं की घरात बाया दिवस मोजतात. या घरात कुणी मोजत नव्हतं. मामीनं बाळाचे कपडे शिवायला घेतले नाहीत, जणू कपडे नसले तर बाळ यायचं थांबेल. दाई आली, पोट चाचपून म्हणाली, सगळं ठीक आहे, वेळेवर होईल, आणि तिघांची तोंडं बघून तिला वाटलं आपलं काही चुकलं. तांबट दुपारी दुकानात यायचा. आत जायची मनाई होती, पण खोगिराची पितळी कडी दाखवायच्या निमित्तानं दुकानात बसायला कुणाची मनाई नव्हती. तो जिनगराशी हातोडीबद्दल, कोळशाबद्दल, नव्या भांड्यांबद्दल बोलायचा, नेहमीसारखा ओरडून. आतल्या खोलीत भाची उजवा कान पडद्याकडं करून बसलेली असायची. मध्येच तो विचारायचा, "मामा, घरी सगळे जेवतात ना नीट?" आणि जिनगर म्हणायचा, जेवतात.

मुलगी झाली. अंगानं भरलेली, रडायला दणकट. भाचीनं बाळंतिणीचे दिवस तिथंच काढले. ते संपले त्या सकाळी मापारी आला. बरोबर काझीचा माणूस होता, पण त्याची गरज पडली नाही. मापाऱ्यानं सगळ्यांना रीतसर सलाम केला, मामीची तब्येत विचारली. दुसऱ्याचं मूल तो घरात घेणार नव्हता. त्याबद्दल त्याला कुणी दोष देऊ शकत नव्हतं. भाचीनं मुलीला शेवटचं पाजलं. मामीनं तिची छाती फडक्यानं घट्ट बांधून दिली. जाताना ती रडली नाही, काही बोललीही नाही. उंबऱ्यावर मामाच्या पायांना हात लावायला वाकली तर तो मागं सरकला. त्याला ते सहन झालं नाही, आणि पुढं कैक वर्षं त्याला तेच लागून राहिलं, की आपण मागं का सरकलो.

मुलगी मामीच्या हातावर वाढली. बोळ्यानं दूध पिऊन जगली. मामीलाच ती आई म्हणायची. तांबट काही वर्षं येत राहिला, मग दुसऱ्या शहरात त्याला काम मिळालं, तिथं त्यानं संसार मांडला, आणि मुलगी थोडी मोठी झाल्यावर तिला घेऊन गेला. बापच तो, त्याचा हक्क होता. जिनगर हे सांगायला मापाऱ्याच्या घरी गेला. भाची दारात आली. तिला आता दोन मुलगे होते. मापारी पडवीत बसून माप पुसत होता. जिनगरानं सांगितलं की ती गेली, खुशीत गेली, चांगले कपडे घालून गेली. भाचीनं मान हलवली आणि आत गेली. मापाऱ्यानं त्याला बसा म्हटलं. तो बसला नाही.

मधल्या काळात बाया त्याला पंच म्हणून बोलवायच्या थांबल्या नव्हत्या. तो जायचा. बाई आपलं सांगायची, कधी दंड उघडा करून दाखवायची, आणि तो म्हणायचा, जुळवून घे पोरी, जुळवून घे. त्याच्या हातात तेवढंच उरलं होतं. हळूहळू बायांना ते कळलं आणि त्याच्या दुकानाची पायरी कुणी चढेना.

मामी गेली. पाठोपाठ उस्ताद गेले. त्यांची मयत मोठी होती, स्वतः सुभेदार खांद्याला होता, आणि गर्दीत जिनगरालाही थोडा वेळ खांदा द्यायला मिळाला. त्यांच्या जागी त्यांचाच एक शिष्य खांबाशी बसायला लागला, तरणाबांड, स्वच्छ आवाजाचा. त्याचं शिक्षण सगळं नव्या सुभेदाराच्या काळातलं. ती आयत आली तेव्हा त्यानं अर्थ सांगितला, आणि पुढं म्हणाला की यावर विद्वानांत मतभेद नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच शिकवलेलं होतं.

जिनगराच्या शेजारी एक कुंभार बसला होता. त्याची लेक दोन महिने माहेरी येऊन राहिली होती, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. लोक उठायला लागले तसा तो जवळ सरकला. म्हणाला, "मामा, तुम्ही जुने. पूर्वी पंचांना बाईला सोडवता यायचं असं माझी म्हातारी सांगते. खरं का?"

जवळपास कुणी नव्हतं. काझीचा माणूस नव्हता, शिपाई नव्हता. जिनगर सत्तरीच्या पुढं गेला होता आणि त्याच्याकडून कुणी काढून घ्यावं असं काही राहिलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "पूर्वीही असंच होतं."

कुंभारानं मान डोलावली, जोडे पायात घातले आणि निघून गेला. त्याच आठवड्यात त्यानं लेकीला सासरी पोचवलं.